उमेदवारी आणि मालकाचे शिकविण्याचे कर्तव्य

१

'उमेदवार' हा शब्द मराठीत फारसीतून आला. उमेद म्हणजे आशा. आशा बाळगून राहणारा तो उमेदवार. आज हा शब्द मुख्यत्वे निवडणुकीच्या संदर्भात कानी पडत असला, तरी इंग्रजी अमदानीतील मराठी व्यवहारात त्याचा अर्थ निराळा होता. सरकारी कचेरीत किंवा एखाद्या पेढीवर पुढेमागे जागा मिळेल या आशेने विनावेतन राबणारा तरुण तो उमेदवार, आणि अशा रीतीने काढलेला काळ ती उमेदवारी. नकला करणे, दप्तर लावणे, हिशेबाच्या वह्या उतरणे ही कामे तो पाहून पाहून शिके. परंतु त्याला शिकविण्याचे कर्तव्य कोणी अंगावर घेतलेले नसे. जागा रिकामी झाली तर उमेद फळास येई. न झाली तर गेलेला काळ गेला, आणि त्याची दाद कोठेही लागत नसे.

पुढे 'अॅप्रेंटिस' या इंग्रजी शब्दास 'शिकाऊ उमेदवार' असा प्रतिशब्द कायद्याच्या मराठीत रूढ झाला. जुन्या शब्दास जोडलेले 'शिकाऊ' हे विशेषण लहान आहे. तथापि सारा प्रश्न त्यातच साठलेला आहे. विद्यार्थ्यास किंवा होतकरू तरुणास कामाच्या ठिकाणी घेणाऱ्या मालकाने कसे वागावे, याविषयीचे नियम सुमारे साडेचारशे वर्षांपासून होत आले आहेत. ते क्रमाने पाहिले असता असे दिसते की, या व्यवस्थेचे यश मुदतीच्या लांबीवर किंवा विद्यावेतनाच्या रकमेवर फारसे अवलंबून राहिले नाही. मालकाने शिकविण्याचे कर्तव्य किती स्पष्टपणे पत्करले, आणि ते पार पडते की नाही हे पाहणारे तिसरे कोणी होते की नव्हते, या दोन गोष्टींवर ते अवलंबून राहिले.

२

हिंदुस्थानातील कायद्याचे मूळ इंग्लंडात असल्यामुळे प्रथम तिकडे वळणे प्राप्त आहे. राणी एलिझाबेथच्या कारकीर्दीत १५६३ साली झालेल्या कारागिरांविषयीच्या कायद्याने, कोणत्याही प्रस्थापित धंद्यात स्वतंत्रपणे काम करण्यापूर्वी निदान सात वर्षे उमेदवारी केली पाहिजे, असा दंडक घालून दिला. मुलगा धन्याच्या घरी राहावयाचा, त्याच्या ताटाशेजारी जेवावयाचा आणि त्याच्या हाताखाली कसब शिकावयाचा. धन्याने त्यास अन्न, वस्त्र व विद्या द्यावी आणि मुलाने आपले श्रम द्यावेत, असा हा सौदा होता. धनी स्वतःच कारागीर असल्यामुळे शिकविणे आणि काम करून घेणे या दोन क्रिया एकाच बाकावर, एकाच वेळी घडत. अशा स्थितीत शिकविण्याचे कर्तव्य निराळे सांगण्याची फारशी गरज भासली नाही.

तथापि या सौद्यातील विषमता विचारवंतांच्या ध्यानी येत होती. अॅडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दीर्घ उमेदवारीवर टीका केली. बहुतेक धंद्यांचे ज्ञान होण्यास इतकी वर्षे लागत नाहीत, आणि श्रमाचे फळ परक्याच्या पदरात पडत असल्यामुळे मुलास कामाची गोडी लागत नाही, असे त्याचे म्हणणे होते. केलेल्या कामाच्या मानाने पहिल्यापासून मजुरी द्यावी व बिघडविलेल्या मालाची भरपाई त्याच्याकडून घ्यावी, म्हणजे तो लवकर व मनापासून शिकेल, असा त्याचा उपाय होता. या उपायाचा विचार पुढे १९६१ च्या भारतीय कायद्याच्या संदर्भात पुन्हा करावा लागेल.

यंत्रयुगाने परिस्थिती पालटली. सुताच्या गिरण्यांत अनाथालयांतील मुले 'उमेदवार' या नावाने शेकड्यांनी पाठविली जाऊ लागली. येथे धनी हा कारागीर नव्हता. तो भांडवलदार होता. मुलाला शिकविण्याजोगे कसबही फारसे उरले नव्हते. तुटलेला धागा जोडणे व यंत्राखालचा कापूस झाडणे एवढेच काम होते. उमेदवारीचे नाव राहिले आणि तिच्यातील शिक्षण निघून गेले. यावर उपाय म्हणून १८०२ साली पार्लमेंटाने कायदा करून गिरण्यांतील उमेदवारांचे काम दिवसास बारा तासांपेक्षा अधिक असू नये, त्यांना वर्षाकाठी कपडे द्यावेत, आणि पहिली चार वर्षे त्यांना वाचन, लेखन व अंकगणित शिकवावे, असे ठरविले. गिरणीमालकावर शिक्षणाचे बंधन घालणारा हा आरंभीचा कायदा म्हणून त्याचे महत्त्व मोठे आहे. परंतु देखरेख स्थानिक न्यायाधीशांनी नेमलेल्या, पगार नसलेल्या निरीक्षकांवर सोपविल्यामुळे तो बहुतांशी कागदावरच राहिला. १८१४ साली सात वर्षांच्या उमेदवारीची जुनी सक्तीही रद्द झाली.

३

इंग्लंडातील या अनुभवाची छाया हिंदुस्थानात झालेल्या १८५० च्या एकोणिसाव्या कायद्यावर स्पष्ट दिसते. मुलांनी, विशेषतः सार्वजनिक धर्मादायावर वाढलेल्या अनाथ व गरीब मुलांनी, वयात आल्यावर पोट भरता येईल असा एखादा धंदा शिकावा, हा त्याचा उद्देश होता. दहा वर्षांवरील व अठरा वर्षांखालील मुलास त्याचा बाप किंवा पालक कराराने उमेदवार म्हणून बांधून देऊ शके. कराराची मुदत सात वर्षांहून अधिक असू नये आणि वयाच्या एकविसाव्या वर्षापलीकडे, अथवा मुलीच्या बाबतीत तिच्या विवाहापलीकडे, ती जाऊ नये, असे बंधन होते. सात हा आकडा एलिझाबेथच्या काळापासून चालत आलेला होता, हे सहज लक्षात येईल.

या कायद्यात एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. धन्याने मुलाच्या निर्वाहाची सोय केली नाही, किंवा कराराप्रमाणे त्यास शिकविले नाही, तर मुलाच्या वतीने मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करता येई. क्रूर वागणूक आणि न शिकविणे हे दोन्ही अपराध कायद्याने एकाच रांगेत बसविले होते. उलट उमेदवार पळून गेला किंवा उर्मटपणे वागला, तर त्यालाही शिक्षेची तरतूद होती. म्हणजे तत्त्वतः दोन्ही पक्ष बांधलेले होते. परंतु दहा-बारा वर्षांच्या अनाथ पोराने आपल्या धन्याविरुद्ध कचेरीची पायरी चढावी, ही अपेक्षा व्यवहारात कितपत खरी ठरणार? मुलास काय शिकवावयाचे, कोणत्या क्रमाने शिकवावयाचे आणि शिकविले की नाही हे कोणी तपासावयाचे, याविषयी कायदा मुग्ध होता. तक्रार झाल्यावाचून त्याचे डोळे उघडत नसत.

याच शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्यांची वाढ झाली आणि तंत्र जाणणाऱ्या माणसांची उणीव जाणवू लागली. १८८७ साली स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही या गरजेतूनच निघालेली संस्था होय. तिच्यासारख्या संस्थांमुळे धंद्याचे शिक्षण कारखान्याबाहेर, शाळेच्या इमारतीत देता येते, हे सिद्ध झाले. पण त्याबरोबरच एक नवी अडचणही उभी राहिली. कारखान्यात काम होते, पण शिक्षण नव्हते. शाळेत शिक्षण होते, पण खरे काम नव्हते. या दोहोंची सांगड कशी घालावी, हा प्रश्न केवळ मुंबईचा नव्हता; उद्योगप्रधान अशा सर्व देशांना तो पडला होता.

४

या प्रश्नाचे एक विचारपूर्वक दिलेले उत्तर अमेरिकेतील सिन्सिनाटी विद्यापीठात मिळाले. तेथील अभियांत्रिकीचे अध्यापक हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली सत्तावीस विद्यार्थी घेऊन एक प्रयोग सुरू केला. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या गेल्या. जोडीतील एकजण आठवडाभर विद्यापीठात शिके व दुसरा शहरातील यंत्रकारखान्यात काम करी. पुढच्या आठवड्यात दोघांची अदलाबदल होई. त्यामुळे मालकाची जागा कधीच रिकामी राहत नसे आणि विद्यापीठाला महागडी यंत्रे विकत घ्यावी लागत नसत. विद्यार्थ्यास कामाची मजुरी मिळे, त्यामुळे गरीब घरच्या मुलासही हे शिक्षण परवडे. या पद्धतीतील अभ्यासक्रम आरंभी सहा वर्षांचा होता.

वरवर पाहता ही केवळ वेळापत्रकाची युक्ती वाटते. परंतु श्नायडर यांच्या योजनेचे मर्म निराळे होते. कारखान्यातील काम साध्याकडून कठिणाकडे चढत गेले पाहिजे, विद्यार्थी वर्षानुवर्षे एकाच यंत्रापाशी अडकून पडता कामा नये, असा तिचा आग्रह होता. तसेच विद्यापीठ व कारखाना यांच्यामध्ये जा-ये करणारा एक समन्वयक अध्यापक नेमला जाई. एका आठवड्यात विद्यार्थ्याने यंत्राशी काय पाहिले हे जाणून घेणे, आणि पुढच्या आठवड्यात त्यामागील शास्त्र वर्गात उलगडून दाखविणे, हे त्याचे काम होते. १५६३ च्या व्यवस्थेत धनी व शिष्य हे मुख्य पक्ष होते. १८५० च्या कायद्यात मॅजिस्ट्रेट हा तिसरा पक्ष होता, पण तो भांडण झाल्यावरच प्रवेश करी. सिन्सिनाटीत प्रथमच असा तिसरा पक्ष दिसतो, जो भांडणाची वाट न पाहता दर आठवड्यास शिक्षणाची विचारपूस करतो. नंतर अनेक विद्यापीठांनी ही पद्धत उचलली. जेथे समन्वयकाचे पद नावापुरते राहिले, तेथे योजनेत फक्त आठवड्यांची अदलाबदल उरणार, हे उघड आहे.

५

स्वतंत्र भारतात १९५० साली कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू झाली आणि १९५६ साली व्यवसायशिक्षणासाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. शाळेतील शिक्षणाची बाजू अशा रीतीने उभी राहिल्यावर कारखान्याच्या बाजूकडे लक्ष वळले. १९६१ चा बावन्नावा कायदा, म्हणजेच शिकाऊ उमेदवारी अधिनियम, हे त्याचे फळ होय. तो १ मार्च १९६२ पासून अंमलात आला आणि त्याने १८५० चा जुना कायदा रद्द केला. चौदा वर्षांखालील मुलास उमेदवार करण्यास त्याने मनाई केली.

या अधिनियमाच्या कलमांतून मालकासाठी एक पूर्ण आचारसंहिताच तयार होते. करार लेखी असावा आणि शिकाऊ उमेदवारी सल्लागार या सरकारी अधिकाऱ्याकडे त्याची नोंद व्हावी. मालक स्वतः त्या व्यवसायात पात्र नसेल, तर विहित पात्रता असलेल्या माणसाकडे प्रशिक्षणाची सूत्रे सोपवावीत. उमेदवाराच्या प्रगतीची नोंद ठेवावी. कामाबरोबरच तात्त्विक शिक्षणाची सोय असावी, आणि त्या वर्गांत गेलेला वेळ हा कामाच्या सवेतन वेळेतच धरावा. सल्लागाराच्या मान्यतेवाचून उमेदवाराकडून जादा वेळ काम घेऊ नये. कामावर असता इजा झाल्यास मालकाने भरपाई द्यावी. शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय परिषदेचे प्रमाणपत्र मिळावे. शिकविण्याचे कर्तव्य १८५० साली एका वाक्यात सांगितले गेले होते; येथे त्याची व्यक्ती, वेळ, नोंद आणि कसोटी अशी फोड झालेली आहे.

यांतील सर्वांत अर्थपूर्ण कलम तेरावे आहे. उमेदवारास ठराविक विद्यावेतन द्यावे, परंतु नगांच्या हिशेबाने मोबदला देऊ नये, आणि उत्पादनावर आधारलेल्या बोनसच्या योजनेत त्याला सामील करून घेऊ नये, असे ते सांगते. अॅडम स्मिथने सुचविलेल्या उपायाच्या हे नेमके उलट आहे. स्मिथच्या डोळ्यांसमोर सात वर्षे फुकट राबणारा मुलगा होता. त्याच्या आळसावर नगावारी मजुरी हे औषध होते. भारतीय कायद्यासमोर मात्र आधुनिक कारखान्यातील तरुण होता. नगावर पैसे मिळू लागले की जे काम हाताला बसले आहे तेच पुन्हा पुन्हा करण्याकडे कल होतो. नवे काम शिकताना हात मंदावतो, माल बिघडतो आणि कमाई घटते. सबब नगाचा मोह दूर ठेवल्यावाचून शिक्षणास वाव राहत नाही. मिस्त्रीलाही उमेदवाराकडून उत्पादन वाढवून घेण्याची घाई राहू नये, हा या कलमाचा अध्याहृत अर्थ आहे.

अठरावे व बाविसावे ही कलमे मात्र दुधारी ठरली. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. म्हणून कामगारविषयक कायदे त्याला लागू होत नाहीत, असे अठराव्या कलमाने सांगितले. प्रशिक्षण संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही, आणि ती स्वीकारण्याचे बंधन उमेदवारावरही नाही, असे मूळच्या बाविसाव्या कलमाने सांगितले. करारातच तशी अट असेल, तर मात्र गोष्ट निराळी. जेथे शिक्षण खरोखर होते, तेथे या दोन्ही तरतुदी न्याय्य आहेत. कारण उमेदवार रोजगाराच्या बदल्यात विद्या घेऊन बाहेर पडतो. जेथे शिक्षण होत नाही, तेथे याच तरतुदींमुळे मालकाला कामगार मिळतो, पण कामगाराचे हक्क द्यावे लागत नाहीत. कलम तेच राहते. त्याचा अर्थ मात्र कारखान्यात रोज काय घडते यावर ठरतो.

६

१९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक या अधिनियमाच्या कक्षेत आले. १९८६ च्या दुरुस्तीने व्यवसायशिक्षणाच्या विद्यार्थ्यांचा समावेश झाला. कक्षा वाढली तसा नोकरीच्या अपेक्षेचा प्रश्नही तीव्र झाला. उत्तर प्रदेशातील राज्य परिवहन महामंडळाच्या शिकाऊ उमेदवारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली मध्यम मार्ग काढला. नोकरीचा हक्क मान्य झाला नाही. परंतु इतर गोष्टी समान असतील तर प्रशिक्षित उमेदवारास थेट भरतीतील उमेदवारापेक्षा अग्रक्रम द्यावा आणि प्रशिक्षणात गेलेल्या काळाच्या मानाने वयाची अट शिथिल करावी, असे सांगण्यात आले. प्रशिक्षणात गेलेला काळ वाया गेलेला मानू नये, हे या निर्णयाचे सूत्र होय. जुन्या कचेरीतील उमेदवाराला नेमके हेच आश्वासन कधी मिळाले नव्हते.

२०१४ च्या दुरुस्तीचा रोख निराळा होता. मालकांनी उमेदवार घेण्यास पुढे यावे म्हणून तुरुंगवासाची शिक्षा काढून केवळ दंड ठेवण्यात आला, कामाचे तास ठरविण्याची मोकळीक मालकास मिळाली, आणि नव्या व्यवसायांची आखणी स्वतः करण्याची मुभाही देण्यात आली. बाविसावे कलम बदलून, प्रशिक्षण पुरे केलेल्या उमेदवारांच्या भरतीविषयीचे आपले धोरण प्रत्येक मालकाने स्वतः आखावे, असे ठरले. सक्ती कमी झाली. परंतु ज्या प्रमाणात सक्ती कमी होते, त्या प्रमाणात मालकाच्या विवेकावरील भार वाढतो, हे विसरता येत नाही.

२०२४ साली या इतिहासात आणखी एक प्रकरण जोडले गेले. केंद्र सरकारने देशातील पाचशे आघाडीच्या कंपन्यांत पाच वर्षांत एक कोटी तरुणांना एक वर्षाची आंतरवासिता देण्याची योजना जाहीर केली. दरमहा ५,००० रुपयांपैकी ४,५०० रुपये सरकारने व ५०० रुपये कंपनीने द्यावयाचे, आणि निदान अर्धा काळ वर्गाऐवजी प्रत्यक्ष कामात घालवावयाचा, अशी तिची रूपरेषा होती. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. तीत सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी बारावी उत्तीर्णांस ६,०००, औद्योगिक प्रशिक्षण संस्था किंवा पदविका उत्तीर्णांस ८,००० आणि पदवीधरांस १०,००० रुपये दरमहा विद्यावेतन राज्याच्या तिजोरीतून देण्याचे ठरले. खासगी आस्थापनांबरोबर सरकारी कचेऱ्यांतही प्रशिक्षणार्थी रुजू झाले. मुदत पुढे वाढविण्यात आली, आणि अनेक प्रशिक्षणार्थींनी कायम नोकरीची मागणी केली.

या मागणीकडे केवळ बेशिस्त म्हणून पाहणे इतिहासाला धरून होणार नाही. ज्या कचेरीत पूर्वी विनावेतन उमेदवारी चाले, तेथेच आता सवेतन उमेदवारी आली. वेतन मिळाले, ही निःसंशय प्रगती होय. परंतु विद्यावेतन देणारा एक आणि काम घेणारा दुसरा, अशी विभागणी झाल्यावर काम घेणाऱ्यास प्रशिक्षणार्थी जवळजवळ फुकट मिळतो. अशा वेळी त्याला काय शिकविले, हे विचारणारा कोणी नसेल, तर प्रशिक्षणार्थीच्या हाती शेवटी नोकरीच्या आशेवाचून दुसरे काही उरत नाही. शिक्षण पदरात पडले असते, तर ते घेऊन तो अन्यत्र गेला असता. शिक्षणाची जागा रिती राहिली की ती आशेने भरून निघते, आणि 'शिकाऊ' हे विशेषण गळून पडून पुन्हा केवळ 'उमेदवार' उरतो.

७

विद्यार्थ्यांना आपल्या आस्थापनेत घेऊ इच्छिणाऱ्या मालकास या इतिहासातून काही निश्चित बोध घेता येतो. विद्यार्थी दाराशी येण्यापूर्वी त्याने काय शिकावे व कोणत्या क्रमाने शिकावे, हे लिहून ठेवले पाहिजे. १८५० च्या कराराचे वैगुण्य हेच होते. शिकविणारा माणूस नावानिशी नेमला पाहिजे आणि त्याच्या स्वतःच्या कामातून तेवढा वेळ त्याला मोकळा करून दिला पाहिजे. अन्यथा पात्र माणूस नेमण्याची तरतूद कागदावरच राहते. विद्यावेतन ठराविक असावे, उत्पादनाशी जोडलेले नसावे. वर्गातील वेळ हा कामातून चोरलेला वेळ समजला जाऊ नये. महाविद्यालयाचा अध्यापक अधूनमधून येऊन पाहील व विचारील, अशी वाट मोकळी ठेवावी. सिन्सिनाटीच्या प्रयोगाची खरी शिकवण आठवड्यांच्या अदलाबदलीत नसून या जा-येत आहे. आणि अखेरीस, नोकरी मिळेल की नाही हे पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत सांगावे. जी द्यावयाची नाही, त्या आशेवर कोणाचे श्रम घेऊ नयेत.

यांपैकी कोणतीही गोष्ट फार खर्चाची नाही. १८०२ च्या गिरणीमालकालाही वाचन-लेखन शिकविण्याचा खर्च जड नव्हता. जड होता तो मुलाचा वेळ. शिकाऊ माणसाच्या दिवसातील काही भाग मालकाच्या उपयोगाचा नसतो, तो शिकणाराचा स्वतःचा असतो, एवढे मान्य करणे हीच या व्यवस्थेची किंमत आहे. ती जेव्हा चुकती झाली, तेव्हा उमेदवारीतून कारागीर निर्माण झाले; जेव्हा ती टाळली गेली, तेव्हा नाव कोणतेही असो, मागे उरले ते स्वस्त श्रम आणि ताटकळलेली उमेद.